व्हॅलिन सहाच्या शेजारी कोण?

प्रथिनाच्या फाइलमध्ये चित्र नसतं, ओळी असतात. हजारो ओळी, सगळ्या एका मापाच्या, बहुतेकींच्या सुरुवातीला ‘अ‍ॅटम’ हा शब्द. त्यापुढे अणूचा क्रमांक, अणूचं नाव, तो ज्या अमिनो आम्लातला त्याचं तीन अक्षरी नाव, साखळीचं अक्षर, साखळीतला नंबर, आणि मग तीन आकडे, म्हणजे तो अणू अवकाशात कुठे आहे त्याचा पत्ता. त्यानंतरच्या आकड्यांतला एक सांगतो की अणू जागेवर किती ठाम दिसला. संपलं. कोण कोणाला चिकटलंय, कोण कोणाला ओढतंय, याबद्दल या ओळींत एक अक्षर नाही. आणि मला शोधायचं होतं ते तेवढंच.

मी एकोडीची, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. नागपूरला बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला शिकते. मॅडमनी प्रकल्पासाठी एक प्रथिन निवडायला सांगितलं आणि त्यातल्या रेसिड्यूंचे एकमेकांशी असलेले संपर्क तपासायला सांगितले. साखळीत ओवल्या गेलेल्या अमिनो आम्लाला आमच्या वर्गात सगळे रेसिड्यूच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. मी सिकलसेलचं हिमोग्लोबिन घेतलं. त्यासाठी फार विचार करावा लागला नाही. आमच्या भागात सिकलसेल हा पुस्तकातला शब्द नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मध्य भारतात हा दोष असल्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. देशातली पहिली नोंद त्याआधी सहा वर्षांची, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमधली. माझा आतेभाऊ एसएस आहे. दुखणं उठलं की तो पायाला हातसुद्धा लावू देत नाही, आणि आत्या उशाशी बसून रात्र काढते.

हा आजार रेणूचा आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलंय, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये सांगितलं. बीटा साखळीतली सहावी जागा, १४६ रेसिड्यूंपैकी एक. बी.एस्सी.पासून हे मला पाठ आहे. पण १४६ मधला एक बदलला तर एवढं काय बिघडतं, हे पाठांतरात कुठेच नव्हतं.

जगभरच्या प्रथिनांच्या रचना ज्या भांडारात ठेवल्या जातात ते पीडीबी १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालं. आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना आहेत, सगळ्या फुकट, एकोडीतल्या मोबाइलच्या नेटवरही उतरणाऱ्या. मला लागणाऱ्या फाइलचं नाव २एचबीएस. हॅरिंग्टन, अदाची आणि रॉयर यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. ऑक्सिजन सोडून दिलेलं सिकल हिमोग्लोबिन, २.०५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईनं पाहिलेलं. एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी अँगस्ट्रॉम, तेव्हा हा बारकावा केवढा ते समजा. फाइलमध्ये हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू आहेत, एकमेकांना भिडलेले. प्रत्येकात चार साखळ्या, दोन अल्फा १४१ रेसिड्यूंच्या आणि दोन बीटा १४६ च्या. एका रेणूत ५७४ रेसिड्यू, दोन्हींत मिळून ११४८. त्यांच्या जोड्या लावल्या तर साडेसहा लाखांवर जातात. यातल्या कोणत्या जोडीला संपर्क म्हणायचं?

इथे मी अडले आणि बरेच दिवस अडलेलीच राहिले. दोन अणूंमधलं अंतर काढणं सोपं आहे, दहावीतलं पायथागोरसचं प्रमेय तिन्ही दिशांना लावायचं. पण किती अंतराला संपर्क म्हणायचं याला एकच उत्तर नाही. काही जण प्रत्येक रेसिड्यूचा मधला कार्बन, ज्याला अल्फा कार्बन म्हणतात, तो घेतात आणि ८ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर संपर्क धरतात. काही जण त्याला जोडलेला बीटा कार्बन घेतात. काही म्हणतात, दोन रेसिड्यूंतले कुठलेही दोन जड अणू, म्हणजे हायड्रोजन सोडून बाकीचे, ४ किंवा ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत हवेत. हायड्रोजन बंधासाठी ३.५ चा आकडा चालतो, विरुद्ध भाराच्या जोडीसाठी ४ चा. मी मॅडमना विचारलं, यातलं खरं कोणतं? त्या म्हणाल्या, “तुला विचारायचं काय आहे ते आधी ठरव, मग अंतर ठरव.” त्या वेळी मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. मी निमूट ८ आणि ४ अशा दोन्ही अंतरांनी याद्या काढल्या.

८ अँगस्ट्रॉमची यादी भली मोठी आली. हिमोग्लोबिन जवळजवळ सगळंच हेलिक्सचं, म्हणजे गुंडाळलेल्या सर्पिलांचं बनलेलं. एका हेलिक्समध्ये चार घरं पुढचा रेसिड्यू सहज ६ अँगस्ट्रॉमवर येतो. त्यामुळे यादी अशा घरातल्याच शेजाऱ्यांनी भरून गेली. ते गाळले तरी दुसरी अडचण राहते. अल्फा कार्बन जवळ असले तरी त्यांच्या बाजूच्या साखळ्या, म्हणजे मुख्य साखळीतून बाहेर निघालेल्या फांद्या, विरुद्ध दिशांना तोंड करून असू शकतात, म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेले दोघंही संपर्कात धरले जातात. ४ अँगस्ट्रॉमची यादी आटोपशीर निघते आणि तिच्यातले शेजारी खरोखर अंगाला अंग लावून असतात. कारण अशा रचनेत क्ष-किरणांना हायड्रोजन दिसत नाहीत. ते धरून दोन कार्बन टेकले तर त्यांच्या केंद्रांतलं अंतर साधारण ३.५ ते ४ अँगस्ट्रॉम भरतं. मॅडमचं म्हणणं या दोन याद्या शेजारी ठेवल्यावर मला पटलं. प्रथिनाच्या घडीची ढोबळ ठेवण पाहायची तर ८, आणि कोण कोणाला प्रत्यक्ष टेकलंय हे पाहायचं तर ४.

या विषयाचं आपल्या देशाशी जुनं नातं आहे आणि ते वाचून मला फार आनंद झाला. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी बंधानं न जोडलेले दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात याची अंतरं ठरवली आणि त्यावरून प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते व कोणत्या कोनांत वळूच शकत नाही याचा नकाशा काढला. रामचंद्रन आलेख तो हाच. नवी रचना आली की ती आजही त्याच्यावर तपासली जाते. अंतर, एवढ्या एका गोष्टीवर किती उभं राहतं! २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या अल्फाफोल्डसाठी हसाबिस आणि जम्पर यांना मिळालं, त्याची पहिली आवृत्तीसुद्धा रेसिड्यूंमधल्या अंतरांचा अंदाज बांधूनच घडी काढत होती.

आता व्हॅलिन सहा. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते, धान कापणीला आलं होतं, सगळे वावरात. घरात मी एकटी आणि पडद्यावर ते दोन रेणू. मी दोन रेणूंच्या मधले संपर्क तेवढे ठेवले, बाकी सगळं झाकलं. व्हॅलिन सहाच्या बाजूची साखळी लहान असते, तीन कार्बनची, भार नसलेली आणि पाण्याशी न जमणारी. ती एका रेणूच्या पृष्ठभागावरून थेट दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीत घुसली होती. तिथे एक उथळ खाच आहे. खाचेच्या भिंती म्हणजे ८५ वा फेनिलअलॅनिन आणि ८८ वा ल्युसिन, दोघंही पाण्याला टाळणारे. तिघं एकत्र आले की त्यांच्यामधलं पाणी बाहेर पडतं आणि ते तसेच राहणं पसंत करतात. शेजारीच एक आधाराचा दुवा आहे, पहिल्या रेणूचा थ्रिओनिन ४ आणि दुसऱ्याचा अस्पार्टिक आम्ल ७३ यांच्यातला हायड्रोजन बंध.

मी मग निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनची रचना शेजारी उघडली, आणि मला खरा धक्का बसला तो इथे. खाच तिथेही आहे. ८५ तोच, ८८ तोच, ७३ तोच. माझ्या रक्तात, आत्याच्या रक्तात, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात ती खाच आहे. सिकल नसलेल्यांच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असतं. ते ऋण भाराचं, पाण्यात रमणारं, आणि अशा खाचेत त्याला जायचं नसतं. त्यामुळे खाच जन्मभर रिकामी राहते आणि कोणाला तिचा पत्ता लागत नाही. आजार एका चुकीच्या रेसिड्यूत आहे असं मी आजवर म्हणत आले. आता मला तो दोन रेणूंच्या मधल्या त्या जागेत दिसतो.

ऑक्सिजनचा संबंधही तिथेच उलगडला. ८५ आणि ८८ ज्या हेलिक्सच्या सुरुवातीला आहेत ती एफ हेलिक्स. लोहाला धरून ठेवणारा हिस्टिडिन ९२ याच हेलिक्सवर आहे. लोहावर ऑक्सिजन बसला की लोह सरकतं, त्यासोबत एफ हेलिक्स सरकते, चारही साखळ्यांची मांडणी बदलते, आणि व्हॅलिन व खाच यांची जोडी जमत नाही. फुप्फुसातून निघालेल्या रक्तात म्हणून भीती नसते. स्नायूंत, हाडांत ऑक्सिजन देऊन झाला की रेणू जुन्या मांडणीत परततो आणि खाच समोर येते. मग एकामागून एक रेणू लागत जातात, दोन पदरांची जोडी बनते, अशा सात जोड्या मिळून चौदा पदरी तंतू, आणि ते तंतू लाल पेशीला आतून ताणून कोयत्याचा आकार देतात. रेणूत दोन बीटा साखळ्या म्हणजे दोन व्हॅलिन असतात, पण पदरांच्या जोडीत त्यातलं एकच खाचेत बसतं.

क्रमांकांनीही मला बराच काळ घोळात ठेवलं. एका अहवालात हाच बदल ‘ग्लू ६ व्हॅल’ असा, तर दुसऱ्यात ‘ग्लू ७ व्हॅल’ असा. दोन वेगळे आजार आहेत की काय, म्हणून मी धास्तावले होते. साखळी तयार होताना सुरुवातीला एक मेथिओनिन असतो आणि तो नंतर छाटला जातो. जनुकशास्त्राचे लोक त्याला धरून मोजतात, जुने प्रथिनवाले न धरता. जागा तीच. पीडीबीची फाइल सहाच म्हणते.

पण यादी हातात आली तरी एक प्रश्न सुटत नव्हता. दोन रेणूंमधले संपर्क पुष्कळ आहेत, आणि अंतराच्या रकान्यात व्हॅलिन सहा काही उठून दिसत नाही. मग तोच महत्त्वाचा आहे हे कशावरून? यादी हे सांगत नाही, कारण अंतर म्हणजे बळ नव्हे. उत्तर माणसांच्या रक्तातून मिळतं. सहाव्या जागी व्हॅलिनऐवजी लायसिन असलेली माणसं आहेत, त्यांचं हिमोग्लोबिन सी. जागा तीच बिघडलेली, पण असे तंतू होत नाहीत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये असं हिमोग्लोबिन सापडलं की सहावर व्हॅलिन आहेच, पण ७३ वर अस्पार्टिक आम्लाऐवजी अस्पॅराजिन. त्याचे तंतू सहजी होत नाहीत, म्हणजे थ्रिओनिन ४ शी असलेला तो छोटा बंध कामाचा आहे. उलट १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असलेलं हिमोग्लोबिन डी-पंजाब सिकलच्या सोबतीला आलं तर आजार तीव्र होतो. माझ्या यादीतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरी भोगला गेलाय. तेव्हापासून ती यादी मी घाईनं वाचत नाही.

एका संध्याकाळी आत्या आली. पडद्याकडे बघून म्हणाली, “डॉक्टर म्हन्ते, पोराले पानी पाजत जा, पानी पाजत जा. पानी पेल्यानं हाडाचं दुखनं काहून थांबते? हे दिसते का तुह्या कंप्युटरात?”

दिसत नव्हतं. फाइलमध्ये वेळ नसते आणि घनता नसते, रेणू कायमचे टेकलेले असतात. मी नागपूरला परतल्यावर शोधलं आणि हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांचा १९७४ चा लेख सापडला. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट त्यात आहे. ऑक्सिजन काढून घेतला की तंतू लगेच होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. हा मधला थांबा हिमोग्लोबिनच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि अवलंबून म्हणजे किती, तर साधारण तिसाव्या घातानं. मी मोबाइलवर हिशेब केला. घनता दहा टक्के वाढली तर १.१ चा तिसावा घात, म्हणजे थांबा सुमारे सतरा पटींनी कमी. कारण पुन्हा संपर्कातच आहे. व्हॅलिन आणि खाच यांची एकच जोडी फार दुबळी असते, जुळते आणि सुटते. पुष्कळ रेणू एकाच वेळी जमले तरच पहिला गठ्ठा टिकतो, आणि दाटी वाढली की ही शक्यता भराभर वाढते. निरोगी लाल पेशीतसुद्धा १०० मिलिलिटरमागे ३२ ते ३६ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं, म्हणजे दाटी मुळातच भारी. मे महिन्यात उन्हात घाम गेला, उलट्या-जुलाब झाले, ताप आला, की पेशीतलं पाणी कमी होतं, दाटी वाढते, थांबा आखडतो. मग सगळ्यांत बारीक रक्तवाहिनीतून पेशी बाहेर पडायच्या आतच तंतू तयार होतात आणि ती तिथेच अडकते. थांबा लांबला तर तीच पेशी सुखरूप फुप्फुसात पोचते.

हे मी आत्याला फोनवर सांगितलं. घात वगैरे सोडून, पेशीतली दाटी आणि उशीर एवढंच. ती म्हणाली, “म्हंजे पानी औषधच झालं ना.” आतेभाऊ शाळेत बाटली नेतो, पण ती वर्गात सारखी तोंडाला लावायला लाजतो. तेव्हापासून आत्यानं शाळेत जाऊन सरांशी बोलणं मनावर घेतलं आहे.

दुसरं औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही या खाचेशीच येऊन भिडते. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर ते ओसरतं. एसएस बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही तो त्यामुळे. हायड्रॉक्सियुरिया हे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढवते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी मुलांवर तिच्या कमी मात्रेचा अभ्यास केला आहे. गॅमा साखळी तंतूत का शिरत नाही, हे बघायला मी १एफडीएच ही रचना घेतली. गर्भातल्या हिमोग्लोबिनची ही रचना फ्रियर आणि पेरुट्झ यांची, १९७७ ची. तिची गॅमा साखळी मी सिकलच्या बीटा साखळीवर बसवली आणि ८७ व्या जागेवर आले. बीटात तिथे थ्रिओनिन आहे, आखूड. गॅमात ग्लुटामिन, लांब. ८५ आणि ८८ च्या मधोमध, खाचेच्या अगदी तोंडाशी. शेजारच्या रेणूला नीट टेकायला ती लांब साखळी आड येते.

हीच एक जागा पकडून औषध झालं आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या दोन जनुकीय उपचारांपैकी एकात रुग्णाच्या पेशींना असं बीटा जनुक देतात की ८७ वर थ्रिओनिनच्या जागी ग्लुटामिन असावा. त्या उपचाराची तिथली तेव्हाची किंमत ३१ लाख डॉलर. आपल्याकडे त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवून. माझ्या डोळ्यांसमोर हे दोन्ही आकडे एकदम येतात, आणि मला तपासणी आणि गोळी यांवर जास्त भरवसा ठेवावासा वाटतो, कारण त्या एकोडीपर्यंत पोचू शकतात.

आतेभावाच्या जुन्या रिपोर्टवर एचबीएस, एचबीए-२ आणि एचबीएफ अशा ओळी आहेत. घरात सगळ्यांची नजर आजवर पहिल्या ओळीवर जायची. एचबीएफ म्हणजे ८७ वर ग्लुटामिन असलेलं हिमोग्लोबिन, हे मी त्याला पडद्यावर दाखवलं तेव्हा त्यानं लगेच विचारलं, गोळी चुकवली तर हा आकडा खाली येईल का? येईल, म्हटलं. पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांना हा आकडा स्वतः विचारणार आहे. माझ्याकडे १२१ ची जागा आणि पदराच्या लांबीतले संपर्क अजून बाकी आहेत. त्यांच्यासाठी फाइलमधले दोन रेणू पुरत नाहीत, क्रिस्टलमधले पुढचे-मागचे शेजारी सममितीचे नियम लावून उभे करावे लागतात, आणि ते कसं करायचं ते मॅडम पुढच्या आठवड्यात शिकवणार आहेत.